फ्लूचा न्यूमोनिया : छातीचा फोटो काय सांगतो, काय सांगत नाही

पावसाळा मध्यावर आला की दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप बदलते. ताप, घसादुखी, अंग मोडून येणे आणि कोरडा खोकला अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. आपल्या भागात फ्लूचा जोर साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात असतो आणि थंडीच्या शेवटी तो पुन्हा थोडा डोके वर काढतो. यांतील बहुतेक रुग्ण चार-पाच दिवसांत बरे होऊन कामाला लागतात. थोड्या रुग्णांच्या बाबतीत मात्र हा आजार घशावरून छातीत उतरतो. यालाच आपण फ्लूचा न्यूमोनिया म्हणतो.

अशा वेळी नातेवाईक छातीच्या फोटोचे पाकीट हातात घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, फोटोत काही आहे का?" प्रश्न योग्यच आहे. पण 'फोटोत काही नाही' म्हणजे धोका नाही, आणि 'फोटोत डाग आहे' म्हणजे आता आशा नाही, असे दोन्ही टोकांचे अर्थ घरी काढले जातात. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. म्हणून आज या फोटोविषयी सविस्तर लिहीत आहे.

२००९ चा धडा

फ्लू हा काही नवा आजार नव्हे. १९१८ साली आलेल्या त्याच्या जागतिक साथीला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. परंतु आजच्या पिढीला त्याची खरी ओळख झाली ती २००९ साली, 'स्वाइन फ्लू' या नावाने. एच१एन१ या विषाणूच्या नव्या प्रकाराने झालेला देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतर पुण्या-मुंबईतील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटनेने ही साथ संपल्याचे १० ऑगस्ट २०१० रोजी जाहीर केले. विषाणू मात्र गेला नाही. तो आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेला आहे.

त्या साथीत एक वेगळी गोष्ट दिसली. एरवी फ्लूचा धोका म्हाताऱ्या माणसांना अधिक असतो. त्या वर्षी मात्र तरुण, धडधाकट माणसे आणि गर्भवती स्त्रिया मोठ्या संख्येने अत्यवस्थ झाल्या. त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे छातीचे फोटो आणि सीटी स्कॅन बारकाईने अभ्यासले. आज आम्ही फ्लूच्या रुग्णाचा फोटो पाहतो तेव्हा त्या अभ्यासाचा मोठा आधार असतो.

फोटोतील काळे आणि पांढरे

छातीचा फोटो म्हणजे एक प्रकारची सावली होय. क्ष-किरण हवेतून सहज पार होतात, म्हणून हवेने भरलेली फुप्फुसे फिल्मवर काळी दिसतात. हाडे हे किरण अडवतात, म्हणून बरगड्या पांढऱ्या दिसतात. हृदयात रक्त असल्याने तेही मधोमध पांढरे दिसते.

आपले फुप्फुस म्हणजे पोकळ पिशवी नसून बारीक छिद्रांच्या स्पंजासारखा अवयव आहे. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. फ्लूचा विषाणू बहुधा नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिका यांपर्यंतच थांबतो. तो खाली वायुकोशांपर्यंत पोहोचला, तर तेथील नाजूक अस्तर खराब होते, भिंती सुजतात आणि वायुकोशांत पाणी, रक्तपेशी व मृत पेशींचा गाळ साचतो. जेथे हवा होती तेथे पाणी आले, म्हणजे फोटोत जेथे काळे होते तेथे पांढरे दिसू लागते. लोक ज्याला 'डाग' किंवा 'छातीत कफ भरला' म्हणतात, ते बहुधा हेच असते.

डाग किती प्रकारचे?

पहिला प्रकार धूसर डागाचा. न्हाणीघराच्या खिडकीला दुधी काच असते. तिच्यातून उजेड येतो, पण पलीकडचे स्पष्ट दिसत नाही. फुप्फुसाचा काही भाग तसा धुरकट दिसू लागतो. त्यातील रक्तवाहिन्यांच्या रेघा अजून पुसट ओळखू येतात. याचा अर्थ वायुकोश पूर्ण भरलेले नाहीत, थोडी हवा शिल्लक आहे. हा बदल साध्या फोटोपेक्षा सीटी स्कॅनमध्ये लवकर आणि स्पष्ट दिसतो.

दुसरा प्रकार घट्ट डागाचा. वायुकोश पूर्ण भरले की तो भाग पाण्यात बुडवलेल्या स्पंजासारखा जड होतो आणि फोटोत दाट पांढरा दिसतो. त्या पांढऱ्या भागात कधी कधी झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा दिसतात. त्या म्हणजे हवा शिल्लक असलेल्या श्वासनलिका. फ्लूच्या गंभीर न्यूमोनियात हे दोन्ही प्रकार बहुधा एकत्र आढळतात.

डाग किती दाट आहे यापेक्षा तो किती पसरला आहे, याला आम्ही अधिक महत्त्व देतो. फोटो पाहताना प्रत्येक फुप्फुसाचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग मनाशी करतात. दोन्ही बाजूंचे मिळून सहा भाग होतात. एका कोपऱ्यात डाग असणे वेगळे आणि दोन्ही बाजूंना चार-पाच भागांत डाग असणे वेगळे. इस्रायलमधील डॉक्टरांनी २००९ च्या साथीतील ९७ रुग्णांच्या पहिल्या फोटोंचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की ज्यांच्या पहिल्याच फोटोत चार किंवा अधिक भागांत डाग होते, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडली किंवा त्यांचा मृत्यू झाला. ज्यांचे डाग थोड्या भागात होते, त्यांच्यात हे प्रमाण बरेच कमी होते.

सर्वांत गंभीर अवस्थेत दोन्ही फुप्फुसे जवळजवळ संपूर्ण पांढरी होतात. सूज इतकी वाढलेली असते की नुसत्या नळीने किंवा मास्कने दिलेला प्राणवायू रक्तापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. अशा रुग्णाला अतिदक्षता विभाग आणि बहुधा व्हेंटिलेटर लागतो. निरोगी तरुणातही एखाद्या धूसर डागापासून या अवस्थेपर्यंतचा प्रवास एक-दोन दिवसांत होऊ शकतो.

पहिला फोटो स्वच्छ आला तर?

आजच्या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. वर सांगितलेल्या ९७ रुग्णांपैकी केवळ ३९ जणांच्या पहिल्या फोटोत फ्लूचे म्हणता येतील असे बदल होते. उरलेल्या ५८ जणांचे फोटो स्वच्छ होते. परंतु या ५८ पैकीही दोघांची प्रकृती पुढे गंभीर झाली. स्वच्छ फोटो हा दिलासा आहे, हमी नाही.

याचे कारण सोपे आहे. फोटो म्हणजे त्या क्षणाचे चित्र. आजार सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेला फोटो चौथ्या दिवसाबद्दल काही सांगू शकत नाही. शिवाय वायुकोशांत बरेच पाणी साचल्याखेरीज साध्या फोटोत ते उमटत नाही.

माझ्याकडे आलेले एक उदाहरण सांगतो. अडतीस वर्षांचे एक खत-बियाण्यांचे दुकानदार. वजन जरा जास्त, बाकी कोणताही आजार नाही. ताप आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाहेर परस्पर फोटो काढून घेतला. फोटो नॉर्मल आला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी संध्याकाळी अंथरुणावरून न्हाणीघरापर्यंत जाताना त्यांना धाप लागू लागली. बोलताना वाक्य तुटू लागले. पत्नीच्या ते लक्षात आले, तिने दवाखान्यात जायचा आग्रहही केला. पण "परवाच तर फोटो काढलाय, छाती साफ आहे," असे म्हणत सर्वांनी रात्र काढली. सकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा श्वासाचा वेग मिनिटाला छत्तीस होता आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८६ टक्के. नव्या फोटोत दोन्ही फुप्फुसांचा खालचा अर्धा भाग पांढरा झाला होता. ताबडतोब प्राणवायू लावून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. बारा दिवस रुग्णालयात राहून ते सुखरूप घरी आले. पण ती रात्र त्यांना महागात पडू शकली असती. दोन दिवसांपूर्वीच्या फोटोपेक्षा पत्नीला त्या क्षणी जे दिसत होते तेच खरे होते.

'स्कोअर किती?'

करोनाच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ साली, छातीच्या सीटी स्कॅनचा पंचवीसपैकी 'स्कोअर' घरोघरी माहीत झाला. त्यामुळे आता फ्लूच्या रुग्णाचे नातेवाईकही थेट स्कॅनची चिठ्ठी मागतात. करोना आणि फ्लू या दोन्हींत सीटीवरील धूसर डाग पुष्कळदा सारखेच दिसतात. नुसते चित्र पाहून हा फ्लू की करोना, हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी नाका-घशातील स्रावाचीच तपासणी करावी लागते.

फ्लूच्या प्रत्येक रुग्णाला सीटीची गरज नसते. फोटो आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल, उपचार करूनही प्रकृती बिघडत असेल किंवा गुंतागुंतीची शंका असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती साध्या फोटोत सहसा दिसत नाही. त्यासाठी शिरेतून औषध देऊन सीटी काढावा लागतो. सीटीत किरणांची मात्रा साध्या फोटोच्या कित्येक पट असते आणि खर्चही मोठा असतो. तेव्हा मनाची समजूत म्हणून तो काढू नये.

बरे वाटून पुन्हा ताप

फ्लूच्या न्यूमोनियाचा आणखी एक प्रकार ओळखून ठेवला पाहिजे. रुग्णाचा ताप उतरतो, भूक लागते, तो उठून बसतो. दोन-तीन दिवसांनी अचानक पुन्हा थंडी वाजून ताप येतो, पिवळा किंवा तांबूस बेडका पडू लागतो आणि एका बाजूला छातीत चमक निघते. विषाणूने खराब केलेल्या श्वासमार्गात जिवाणूंनी केलेला हा दुसरा हल्ला असतो.

या वेळी फोटोचे रूपही पालटते. विखुरलेल्या धूसर डागांऐवजी फुप्फुसाचा एखादा पूर्ण खण दाट पांढरा होतो किंवा फुप्फुसाभोवती पाणी जमते. काही जिवाणू फुप्फुसाचा भाग कुजवून तेथे पोकळीही करतात. हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण विषाणूवर निरुपयोगी असलेली प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, येथे जीव वाचवतात.

पोकळी किंवा डाग पाहून आपल्याकडे लगेच क्षयाची शंका येते. ती घेणे गैर नाही. क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो आणि त्याची कथा आठवड्यांची असते : रेंगाळणारा खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन. फ्लूची कथा दिवसांची असते. तरीही फोटोवरून निष्कर्ष न काढता बेडका तपासणे हाच खरा मार्ग होय. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्या प्रत्येकाने ती तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले

'दिवस गेलेले आहेत, फोटो नको' असा आग्रह घरातील वडीलधारी मंडळी धरतात. त्यामागे काळजी असते, पण तिचा परिणाम उलटा होतो. छातीच्या एका फोटोतून मिळणारे किरण निसर्गातून काही दिवसांत आपल्याला मिळतात तेवढेच असतात आणि पोटातील बाळापर्यंत त्यांचा नगण्य अंश पोहोचतो. गर्भवतीला फ्लूच्या न्यूमोनियाचा धोका मात्र फार मोठा आहे. आईच्या रक्तातील प्राणवायू कमी झाला तर तो बाळालाही कमी पडतो. डॉक्टरांनी गरज सांगितली तर फोटो जरूर काढावा. आपण गर्भवती आहोत हे तंत्रज्ञाला आधी सांगावे, एवढेच.

लहान मुलांत फोटोतील बदल वेगळे असतात. श्वासनलिका सुजल्याने हवा आत अडकते व फुप्फुसे जास्त फुगलेली दिसतात. मुलांच्या बाबतीत फोटोपेक्षा डोळे अधिक कामाचे. मूल शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे वयात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर एक क्षणही थांबू नये. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

माणूस बरा, फोटो मात्र तसाच!

घरी परतलेल्या रुग्णाचा आठ दिवसांनी फोटो काढतात आणि डाग पाहून घर पुन्हा चिंतेत पडते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बरे होताना माणूस पुढे असतो आणि फोटो मागून येतो. ताप गेला, धाप कमी झाली, जेवण जाऊ लागले तरी फुप्फुसातील गाळ साफ व्हायला कित्येक आठवडे लागतात. उतारवयात आणि धूम्रपान करणाऱ्यांत आणखी वेळ लागतो. गंभीर आजारानंतर काही रेघा कायमच्याही राहू शकतात. प्रकृती सुधारत असेल तर दर आठवड्याला फोटो काढण्याची गरज नाही.

मात्र पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी साधारण सहा आठवड्यांनी एकदा फोटो जरूर काढावा. न्यूमोनियाच्या डागाआड एखादी गाठ लपलेली असेल, तर ती तेव्हा उघडी पडते.

उपचार फोटोसाठी थांबत नाहीत

फ्लूवर ऑसेल्टामिविर हे औषध आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत ते घेतल्यास सर्वाधिक उपयोग होतो. गंभीर रुग्णाला मात्र उशीर झाला असला तरी ते देतात. साध्या फ्लूच्या निरोगी रुग्णाला त्याची गरज पडतेच असे नाही. मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, गर्भवती, पासष्टीपुढील माणसे आणि लहान मुले यांनी ताप येताच डॉक्टरांना भेटावे. औषध सुरू करायचे की नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतात. त्यासाठी फोटोत डाग उमटण्याची वाट पाहत नाहीत. करोनात वापरलेल्या स्टिरॉइडच्या उरलेल्या गोळ्या फ्लूत स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

पुढीलपैकी काहीही दिसले, तर पहिला फोटो कसाही असो, रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे :

१) बसल्या जागी किंवा चार पावले चालताना धाप लागणे, एक वाक्य सलग बोलता न येणे.

२) मोठ्या माणसाच्या श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा अधिक.

३) ऑक्सिमीटरवरील आकडा ९४ पेक्षा कमी. बोट गार असल्यास किंवा नखाला रंग असल्यास आकडा चुकू शकतो. म्हणून बोट चोळून, शांत बसून पुन्हा मोजावे. धाप असेल तर आकडा चांगला असूनही थांबू नये.

४) छातीत दुखणे, बेडक्यातून रक्त पडणे.

५) ओठ किंवा नखे निळसर होणे, गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे.

६) ताप उतरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढणे.

फोटो काढताना तंत्रज्ञ सांगेल तसा श्वास पूर्ण भरून क्षणभर रोखावा. अर्धवट श्वासात काढलेल्या फोटोत फुप्फुसाचा खालचा भाग उगाच पांढुरका दिसतो. जुने फोटो टाकून देऊ नयेत. त्यांच्यावर तारीख लिहून, घडी न घालता सपाट जपून ठेवावेत आणि नव्यासोबत आणावेत. आजचा डाग कालचाच की नवा, हे जुना फोटो शेजारी ठेवल्यावरच कळते.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपले रूप बदलत राहतो. वर सांगितलेल्या धोक्याच्या गटातील मंडळींनी पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही, पण आईने गरोदरपणी घेतलेली लस त्या बाळालाही काही महिने संरक्षण देते.